आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: विजेच्या यंत्राआधी नाडीला हात लावा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

हृदयाचा बिघडलेला ठोका विजेच्या स्पंदांनी दुरुस्त करणारं ‘पल्स्ड फील्ड अॅब्लेशन’चं यंत्र सरकारी रुग्णालयांत आणा, अशी मागणी आज ना उद्या आपल्या टेबलावर येणारच. माझा तिला विरोध नाही. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. मला बोलायचंय ते आधी काय नि नंतर काय, एवढ्याचबद्दल.

यंत्र गुणाचं आहे. फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उमटणारे चुकार संदेश एट्रियल फिब्रिलेशनला, म्हणजे ठोका वेडावाकडा पडण्याच्या आजाराला, सुरुवात करून देतात, हे बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवलं. तेव्हापासून जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन तो भाग जाळतात किंवा गोठवतात. अन्ननलिका मात्र तिथे पाठीमागे अगदी चिकटून असते. तिला भाजलं तर क्वचित भोक पडतं आणि मग रुग्ण हाती लागणं कठीण. नव्या पद्धतीत मायक्रोसेकंदांचे उच्च दाबाचे विद्युत स्पंद पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. त्यांनी हृदयाचा स्नायू आधी मरतो, अन्ननलिका बहुधा वाचते. गुण मात्र तेवढाच: २०२३च्या ‘अॅडव्हेंट’ चाचणीत वर्षभरानं नव्या पद्धतीचे शंभरातले ७३ रुग्ण बरे होते, जुनीचे ७१.

आता माझ्या ओपीडीत या. इथे ठोका बिघडलेल्या कितीतरी बायकांची हृदयातली मिट्रल झडप लहानपणीच्या संधिवाती तापानं आकसलेली असते. असे रुग्ण या चाचण्यांत घेतच नाहीत! त्यांच्या हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली की लकवा होतो; त्यापासून वाचवते ती वॉरफरिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी. २०२२च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत नव्या महाग गोळीपेक्षा ही जुनीच सरस ठरली. पण तिचा डोस आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, बघून ठरवावा लागतो. त्यासाठी एसटीनं जिल्ह्याला जायचं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, मजुरी बुडाली ती वेगळीच. मग काय, एक आजी अडकित्त्यानं गोळी अर्धी करून ‘अंदाजानं’ घेत होत्या. त्यांचा उजवा हात आता उचलत नाही.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारं छोटं यंत्र द्या, आणि त्याच्या पट्ट्या वर्षभर पुरतील याची तजवीज करा (यंत्र असतं, पट्ट्या संपतात, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको). पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी तपासली जावी, अनियमित लागली तर त्याच दिवशी ईसीजी व्हावा. मोठं यंत्र घ्याल तेव्हा ते चालवणारी टीमही मंजूर करा. नुसती फीत कापून ते चालत नाही.

आपला,
तालुक्यातला एक डॉक्टर