आमच्या कोडिंगची खेडा खरेदी

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. घरची सहा एकर कापूस-तूर, आणि माडीवर माझा लॅपटॉप. एका अमेरिकन कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअर मी पुण्यातल्या कंत्राटदार कंपनीमार्फत सांभाळतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हिंजवडीहून आलो, तो इथंच राहिलो.

गेल्या वर्षी एचआरचा फोन आला. गावातूनच काम करायचं तर पगार 18 टक्के कमी. नाव 'लोकेशन ॲडजस्टमेंट'. बाबा शेजारीच होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "माल तोच, पण घरून नेला म्हणून भाव कमी. हे त खेडा खरेदीच झाली ना बाप्पा!"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: व्यापारी दारात येतो, बाजारापेक्षा कमी भावात कापूस मोजून नेतो, ती खेडा खरेदी. पण तिथं गाडीभाडं तरी व्यापाऱ्याचं असतं. इथं वाहतूकही माझीच. दोन सिम, इन्व्हर्टर, जूनच्या विजेत जळालेला राऊटर. रात्री साडेआठची मीटिंग म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ, आणि पावसाळ्यात नेमका तेव्हाच फिडर बसतो, वीज जाते.

ठिकाण पाहून पगार ठरवायची रीत एकट्या आमच्या कंपनीची नाही. फेसबुकने मे 2020 मध्येच ती जाहीर केली होती. आणि अमेरिकेतलं काम भारतात येतं तेही याच हिशेबानं, त्यामुळे ऑफशोरिंगला नावं ठेवायला मला तोंड नाही. चूल त्यावरच पेटते. पण ग्राहकाला माझ्या तासाचं बिल पूर्वीइतकंच जातं. कपात मधल्या मधे मुरते.

राज्याचं जीसीसी धोरण, म्हणजे जागतिक कंपन्यांनी इथं स्वतःची कामकाज केंद्रं उघडावीत यासाठीचं धोरण, 2025 मध्ये आलं. गुंतवणूकदारांपुढे बोलताना कृपा करून आम्हाला 'कमी खर्चाचं मनुष्यबळ' म्हणू नका. स्वस्त म्हणून आलेलं काम उद्या मनिलात आणखी स्वस्त पडलं की तिकडं जाईल. राज्याची सवलत घेणाऱ्या कंपनीनं एकाच कामाला हिंजवडीचा पत्ता आणि दारव्ह्याचा पत्ता असे दोन पगार लावू नयेत, एवढी अट त्या धोरणात घाला.

दुसरी मागणी साधी आहे. आमच्या ग्रामपंचायतीत सरकारी फायबरची पेटी आहे. तिची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली, वर गणपतीच्या मंडपाच्या झालरी ठेवल्यात. ती दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला नेमा. पेटीची किल्ली सचिवांकडे आहे, ते मंगळवारी येतात.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक प्रोग्रॅमर