बुलडॉग घेण्याआधी त्याचा श्वास ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्या दैनिकातल्या छोट्या जाहिरातींत कुत्र्यांच्या पिल्लांची गर्दी होते. यंदा त्यांत ‘इंग्लिश बुलडॉग, चॅम्पियन लाइन, केसीआय पेपर, घरपोच’ अशा ओळी सारख्या दिसताहेत. (केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया; ‘पेपर’ म्हणजे तिथला वंशावळीचा कागद.) सुट्टीत पिल्लू आणलं की मुलं दिवसभर घरात असतात, तेवढ्यात त्याला घराची सवय होईल, असा आईवडिलांचा हिशेब असतो. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तो चालून जातो. बुलडॉगसाठी मात्र पुण्यातले एप्रिल आणि मे हे वर्षातले सगळ्यात अवघड महिने आहेत, आणि विकणारा ते सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मी सहकारनगरला राहते आणि घरीच दुसऱ्यांची कुत्री सांभाळते. मालक लग्नाकार्याला, कोकणात किंवा मुलांकडे परदेशी गेले की त्यांची कुत्री माझ्याकडे मुक्कामाला येतात. त्यांतल्या बुलडॉगांवर माझा विशेष जीव आहे.

चेहरा बघून लोक बिचकतात, पण इतका सोशिक कुत्रा मी क्वचितच पाहिला. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ चालायचा, त्यासाठी ही जात वाढवली गेली. १८३५ मध्ये कायद्याने तो प्रकार बंद झाला आणि पुढच्या पिढ्यांतून शांत, घरात रमणारी कुत्री निवडली गेली. बुलडॉग भुंकतो कमी. लहान मुलाने कान ओढला तर उठून दुसऱ्या खोलीत जातो. माणसाच्या पायाला पाठ टेकून बसणं हे त्याचं सुख. हट्टी मात्र पक्का. फिरताना मध्येच रस्त्यात बसकण मारली की पंचवीस किलोचं ते धूड हलत नाही. अशा वेळी मालक पट्टा ओढतात. ओढू नका, बहुतेक वेळा त्याला दम लागलेला असतो. गळ्यात पट्टाही नको, छातीवर बसणारा हार्नेस घाला.

आता नाकाविषयी. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण बुलडॉग आपल्याला झेपेल की नाही याचा निकाल तिथेच लागतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, नाकातोंडातल्या ओलाव्यावरून हवा फिरते आणि अंग निवतं. माणसाने आवडीपायी बुलडॉगचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या चपटं करत आणलं. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. त्यामुळे नाकपुड्या अरुंद राहतात, टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन श्वासाच्या वाटेत येतो, कित्येकांची श्वासनलिकाही बारीक असते. हवा ओढायला जोर लावावा लागतो, जोराने घसा सुजतो, सुजेने वाट आणखी आक्रसते. म्हणजे ज्या धापेने निवायचं, तिच्याच कष्टाने तो तापतो. झोपेतलं त्याचं घोरणं ऐकून पाहुणे कौतुकाने व्हिडिओ काढतात. अरुंद वाटेतून हवा ओढण्याचा तो आवाज आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज नव्हती, कूलर बंद. माझ्याकडे एक तरुण बुलडॉग मादी होती. ती धावली नव्हती, खेळली नव्हती, नुसती फरशीवर पसरली होती. दुपारी तिच्या श्वासाला करवतीसारखा आवाज येऊ लागला. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, उठताना मागचे पाय लटपटले. मी तिच्या पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहिले, शेजारच्या मुलाने पुठ्ठ्याने वारा घातला, आणि तशाच ओल्या अंगाने तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. ती वाचली. आधी अंग थंड करायचं आणि मग निघायचं, हे प्रत्येक बुलडॉगवाल्या घराला माहीत हवं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, उष्णता आतच कोंडते. त्याच दुपारी, त्याच घरात, माझा गावठी बाळू गॅलरीच्या सावलीत आरामात झोपला होता.

म्हणून कुणी मला विचारलं की ‘बुलडॉग घेऊ का’, तर मी आधी घराबद्दल विचारते. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी घरी कोण असतं? सगळेच हिंजवडीला किंवा खराडीला कामावर जात असतील आणि कुत्रा बंद फ्लॅटमध्ये राहणार असेल, तर माझं उत्तर नाही असं आहे. वीज गेली तर काय सोय? इमारतीला लिफ्ट आहे का? आमच्या भागात आणि पेठांत तीनमजली, बिनलिफ्टच्या इमारती भरपूर आहेत. बुलडॉगचे खुबे आणि गुडघे मुळात कच्चे. रोजचे जिने त्याला सोसत नाहीत आणि उचलून न्यायचा तर घरात ती ताकद असलेलं माणूस पाहिजे. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, तिथे सतरंज्या अंथराव्या लागतात. फिरणं उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आणि रात्री उशिरा, तेही थोडंच. तळजाईच्या चढावर त्याला पळवत नेणारे लोक पाहिले की माझा जीव खालीवर होतो. पानशेतच्या फार्महाउसला नेणार असाल तर पाण्यापासून लांब ठेवा. डोकं आणि छाती जड, पाय आखूड, त्यामुळे बहुतेक बुलडॉगांना पोहता येत नाही.

रोजचं कामही आहे. तोंडावरच्या घड्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या करायच्या, नाहीतर तिथे जंतू धरतात आणि वास येतो. काहींची शेपूट स्क्रूसारखी आत वळलेली असते, तिच्याखालची खाचही तशीच पुसायची. पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा. बोटांमध्ये गळवं होतात. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा आला तर तो ‘चेरी आय’, डॉक्टरांना दाखवायचाच. वजन वाढू द्यायचं नाही, कारण चरबी चढली की श्वास आणखी कोंडतो. पोळीचे तुकडे, पेढे, बिस्किटं देणाऱ्या आजीआजोबांना हे आधी समजावून सांगावं लागतं. खर्चाचं म्हणाल तर पिल्लाची किंमत ही त्यातली लहान रक्कम ठरते. भूल देणंही या जातीत जोखमीचं, त्यामुळे साधी नसबंदीसुद्धा या जातीची सवय असलेल्या डॉक्टरांकडूनच करावी.

एवढं सगळं झेपणार असेल तर पिल्लू निवडताना त्याच्या आईला पाहा, जमल्यास बापालाही. केंब्रिज विद्यापीठाने बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि पगसाठी एक तपासणी तयार केली आहे. त्यात कुत्र्याचा श्वास स्टेथोस्कोपने ऐकतात, त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवतात, पुन्हा ऐकतात आणि शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. आपल्याला श्रेणी देता येणार नाही. पण सकाळच्या गारव्यात पिल्लाची आई तीन मिनिटं भरभर चालली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत तिची घरघर ऐकू आली, तर तिथून निघावं. नाकपुड्या उघड्या आहेत का ते समोरून बघावं. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, श्वासाबद्दल काही सांगत नाही.

आईला पाहण्याचं आणखी एक कारण आहे. पिल्लांची डोकी मोठी आणि मादीचा कटिभाग अरुंद, त्यामुळे ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉगची ऐंशी टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. ‘आई गावाकडे आहे, फोटो पाठवतो’ असं उत्तर मिळालं, तर त्या मादीचं पोट किती वेळा उघडलं गेलं याचा विचार करा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला असंच, आईला न पाहता, मोटारीच्या डिकीतून पिल्लू देण्यात आलं. पुढे वर्षभरात त्याच्या नाकपुड्यांची आणि टाळूची शस्त्रक्रिया करावी लागली. त्या घराने ती केली, प्रेमाने केली. सगळी घरं करत नाहीत, आणि मग मोठा झालेला बुलडॉग ‘कुणी घेता का’ म्हणून माझ्याकडे विचारणा येते. पिल्लाचाच हट्ट नसेल, तर असा मोठा कुत्रा आणणं मला जास्त पटतं. त्याचा श्वास कसा आहे, स्वभाव कसा आहे, ते समोर दिसतं.

जाहिरातींत नुसतं ‘बुलडॉग’ लिहिल्यानेही घोळ होतो. फ्रेंच बुलडॉग लहान, उभ्या कानांचा, पण श्वासाचा त्रास त्यालाही तसाच. अमेरिकन बुलडॉग उंच, ताकदवान आणि धावणारा, त्याची गरजच वेगळी. केंद्राने मार्च २०२४ मध्ये ज्या तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं आणि जे पुढे न्यायालयात टिकलं नाही, त्या यादीत अमेरिकन बुलडॉग होता, इंग्लिश नव्हता. सोसायटीच्या बैठकांत या दोघांची गल्लत करून भांडणं होतात.

आता आपल्याकडे विनंती. श्वान प्रजनन व विक्रीचे केंद्रीय नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार पिल्लं विकण्यासाठी प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. छोट्या जाहिरातींत हा नोंदणी क्रमांक मला कधी दिसलेला नाही. क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख आणि ‘आई जागेवर पाहता येईल’ एवढ्या तीन गोष्टी असल्याशिवाय आपण पिल्लांची जाहिरात घेऊ नये. जाहिरात विभागाला एक ओळीची सूचना पुरेल. सुट्टीच्या जाहिरातींचा जोर मार्चच्या मध्यापासून वाढतो, त्याआधी ती सूचना निघाली तर यंदाच्या उन्हाळ्यातच फरक पडेल.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे