हिरडीवरची गाठ काढली, पण तपासणी राहून गेली : मदतीचे आवाहन

आमच्या दंततपासणी केंद्रात मध्यंतरी एक ताई आल्या. वरच्या पुढच्या दोन दातांच्या फटीत, हिरडीवर वाटाण्याएवढी लालबुंद गाठ. ब्रश लागला की रक्त यायचं. वर्षभरापूर्वी तिथलीच गाठ त्यांनी दुसरीकडे काढून घेतली होती. "तपासायला पाठवली होती का?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "तपासणीचे पैसे वेगळे पडत होते, म्हणून नको म्हटलं."

हे उत्तर आम्हाला वारंवार ऐकावं लागतं. म्हणून आज तुमच्याकडे मदत मागतो आहोत.

हिरडीवरच्या अशा गाठी बहुतेक वेळा साध्याच असतात, पण नुसतं बघून त्यातली कुठली हे ठरवता येत नाही. चटकन रक्त येणारी गाठ पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असू शकते. ती गरोदरपणातही होते आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप आटते. दुसऱ्या एका प्रकारात गाठीच्या आत हाड तयार होऊ लागतं; ती खोलवरून काढली नाही तर पुन्हा उगवते. निळसर-जांभळी दिसणारी गाठ जायंट सेल ग्रॅन्युलोमा असू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसंच चित्र पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारातही दिसतं, म्हणून अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनही तपासतात. हिरडीवरच्या एवढ्याशा गाठीवरून गळ्यातल्या ग्रंथीचा आजार हाती लागतो तो असा. आणि कधीतरी कर्करोगही अशाच साध्या गाठीसारखा दिसतो.

फार क्वचित एखादं बाळ हिरडीवर गाठ घेऊनच जन्माला येतं; मुलींमध्ये हे प्रमाण बरंच जास्त. गाठ मोठी असली तर बाळाला दूध ओढता येत नाही. नॉयमान या जर्मन डॉक्टरांनी १८७१ साली या गाठीचं पहिलं वर्णन केलं.

गाठ काढणं तसं अवघड नाही. जागेवर भूल देऊन ती मुळापासून काढायची, शेजारच्या दातांवरचं कीटण साफ करायचं. मग तो तुकडा खराब होऊ नये म्हणून फॉर्मॅलिन या द्रावाच्या छोट्या बाटलीत जातो. बाटलीवर नाव, वय, गाठीची जागा लिहिलेली असते. पैशाअभावी ती तिथेच अडते.

या बाटल्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचाव्यात, एक्स-रे आणि रक्ततपासण्या अडू नयेत, यासाठी आम्ही निधी उभा करत आहोत. रक्कम कितीही लहान असली तरी चालेल. पावती केंद्रातच मिळेल. असे तुकडे तपासणाऱ्या, म्हणजे पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी महिन्यातले दोन-चार तास दिले, तर तीही मोठीच मदत होईल.

आणखी एक विनंती. फिट्सवरची फेनिटॉइन किंवा रक्तदाबाची अम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढतात. घरात कुणाला असं झालं असेल, तर गोळी परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

त्या ताईंची गाठ आम्ही या वेळी तपासून घेतली. आत हाड तयार होणाऱ्या प्रकारातली निघाली, खोलवरून काढली. सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलावलं आहे.