शटल आत होतं, मान्य

प्रिय बाय,

फोनवर तू "हं" च्या पुढे काही बोलत नाहीस म्हणून लिहून पाठवतोय, रात्री होस्टेलवर निवांत वाच. पेडे स्टेडियमवरच्या बॅडमिंटन मॅचबद्दलच आहे पण ओरडायला नाही गो.

तिसऱ्या गेमला तू 17-12 पुढे होतीस आणि ते शटल लाइनवर पडलं, आउट दिलं. आत होतं, मी पण बघितलं. पण पुढचे चार पॉइंट तू खेळलीसच नाहीस, रिसीव्हला उभी राहून त्या लाइनकडेच बघत होतीस, मग वर माझ्याकडे, आणि मी काय करत होतो तर उभा राहून हात नाचवत "फोकस कर, फोकस कर" म्हणून बोंबलत होतो. 17-17 झालं, 18-21 ला गेलीस. फोकस म्हणजे नक्की करायचं काय, ते मला विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं.

परवा बस घेऊन चोर्ला घाटात होतो, धुकं एवढं की वायपरच्या पुढचं दिसेना. अशा वेळी नवीन ड्रायव्हर फुल लाइट मारतो आणि समोर पांढरी भिंतच उभी राहते. आम्ही डिपर करतो, म्हणजे लाइट खाली पाडतो, डावीकडचा पांढरा पट्टा पकडतो, पुढची दहा हात दिसली की बास, बेळगाव किती लांब ते कंडक्टरने बघावं. तेव्हा तुझी मॅच आठवली. तू त्या वेळी फुल लाइट मारलीस.

सचिनचं बघ. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ऑफच्या बाहेरच्या बॉलवर ड्राइव्ह मारायला जाऊन आउट होत होता, तर सिडनीला त्याने कव्हर ड्राइव्ह बंदच करून टाकला. 436 बॉल खेळला, नाबाद 241. त्याचा लाडका शॉट गो तो! दिवसभर बॉल समोर येतोय आणि हात आवरायचा, मला तर एक दिवस भजी समोर ठेवून आवरत नाही.

अभिनव बिंद्राचं अजून वेगळं. 2008, बीजिंग, फायनलच्या आधी सरावाची गोळी पार चारच्या रिंगणात गेली, बंदुकीची नेम धरायची साइट हललेली. आपण असतो तर कोणी केलं म्हणून शोधत बसलो असतो. त्याने साइट परत सेट केली आणि उभा राहिला. शेवटच्या शॉटला फिनलंडच्या हक्किनेनशी बरोबरी होती, तिथे 10.8 मारला, हक्किनेनचा 9.7 गेला. गोल्ड.

पण सगळ्या खेळांत डोकं सारखंच ताणून नाही चालत असं मला वाटतं. आपला ब्रह्मानंद शंखवाळकर, फुटबॉलचा गोलकीपर, 1984 ला गोव्याने एकही गोल न खाता संतोष ट्रॉफी आणली. कीपरला तासभर काम नसतं आणि मग एक बॉल येतो, तेवढ्यासाठी नव्वद मिनिटं दात-ओठ खात उभा राहिला तर तो बॉल यायच्या आधीच थकेल. तुझ्या खेळात पण रॅली संपली की सोडायचं, घाम पुस, तारा सरळ कर, मग परत पकड. सिंधू 2017 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलला 110 मिनिटं खेळून जपानच्या ओकुहाराशी हरली, तिसरा गेम 20-22. दोन वर्षांनी तीच ओकुहारा, तीच फायनल, 21-7, 21-7.

सरांना विचार, दोन पॉइंटच्या मधे तुझं एक ठरलेलं काहीतरी असावं का, बारीकसंच. मला त्यातलं टेक्निकल कळत नाही.

ग्रिप दोन आणल्यात, रविवारी आई येताना घेऊन येईल, सोबत काजूच्या बियांची भाजी पण आहे, रूममधल्या पोरींना दे. आणि पुढच्या मॅचला मी सगळ्यात मागच्या रांगेत, तोंड बंद. आईने तसं माझ्याकडून लेखी घेतलंय.

पप्पा