गतिरोधक टाकण्याआधी गल्लीला विचारा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

एखादा रस्ता एकेरी करायचा असला की वाहतूक पोलीस आधी तात्पुरता आदेश काढतात, हरकती मागवतात आणि मगच तो कायम करतात. गतिरोधकाला यातले काहीच लागत नाही. कुणाचे तरी पत्र, ठेकेदाराच्या डंपरमध्ये उरलेला डांबरी माल आणि एक रात्र, एवढ्यावर काम होते.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसचे माप सोपे आहे: 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येची गोलाई. ताशी 25 किलोमीटर वेगाने तो हिसका न बसता ओलांडता येतो. प्रत्यक्षात मिळतो जेमतेम मीटरभर रुंदीचा, त्याहून उंच उंचवटा. त्याला गतिरोधक नव्हे, बांध म्हणावे. रुग्णवाहिकेला तिथे जवळपास थांबावेच लागते आणि रिक्षातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेचे हाल होतात. कडेला दीड फुटाची फट राहिली की दुचाकी तिथूनच, म्हणजे माणसे चालतात तिथूनच, वेग न कमी करता जाते. फट सरसकट बुजवली तर पाणी तुंबते आणि पहिल्या पावसाळ्यातच त्याच्या पायथ्याशी खड्डा पडतो. म्हणून दोन्ही टोके उताराने रस्त्याला मिळवावी लागतात आणि पाणी येते त्या बाजूला जाळीचे चेंबर लागते. पाणी कुठे साचते हे नकाशावर दिसत नाही. ते समोरच्या किराणा दुकानदाराला ठाऊक असते.

लोकसहभाग तो हा. शनिवारी सकाळी अकराची बैठक आणि हजेरीपटावरच्या सह्या म्हणजे सहभाग नव्हे. पाहणी शाळा सुटण्याच्या वेळी चालत करावी. सोबत शाळेच्या व्हॅनचे चालक, रिक्षा स्टँडवरचे लोक, भाजीवाले आणि काठी घेऊन चालणारी एखादी दृष्टिहीन व्यक्ती हवी.

वेग मोजायला रडार लागत नाही. रस्त्यावर 50 मीटर अंतर फक्कीने आखा, दोन्ही रेषांवर माणूस उभा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. 6 सेकंद लागले तर वेग ताशी 30, साडेचार लागले तर 40. मोकळी धावणारी 100 वाहने मोजा, कोंडीतली सोडून द्या. वेग चढत्या क्रमाने लावले की 85 व्या वाहनाचा वेग हाच कामाचा आकडा; सरासरी इथे फसवते, कारण धोका असतो तो वेगात जाणाऱ्या थोड्यांचा. लगतच्या समांतर गल्लीतही हेच करा. एका गल्लीत अडथळा आला की वाहने शेजारच्या गल्लीत घुसतात आणि तिथल्या रहिवाशांना कुणी विचारलेलेच नसते.

मग आराखडा रस्त्यावर उतरवून पाहावा, पण आधी फक्की, वाहतुकीचे प्लास्टिक शंकू आणि वाळूच्या गोण्यांनीच. पुष्कळदा गतिरोधक लागतच नाही. चौकाचा कोपरा ऐसपैस असतो, म्हणून वाहने वेगात वळतात. तो गोण्यांनी आवळला की वेग आपोआप उतरतो. किती आवळायचा हे ठरवायला 12 मीटरची बस आणि अग्निशमन दलाचा बंब प्रत्यक्ष वळवून पाहा. चाक गोणीवर चढले तर गोणी सरकवता येते, सिमेंटचा कठडा फोडावा लागतो. हा प्रयोग किमान चार आठवडे चालावा आणि त्यात एक जोराचा पाऊस यावा. नकाशा चौकातच, मराठीत लावावा. संकेतस्थळावरची पीडीएफ भाजीवाला उघडत नाही.

रबरी गतिरोधक प्रयोगापुरते ठीक. कायमचे ठेवले की तुकडे निघतात, उघडे खिळे उरतात आणि टायर फाटतात.

क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात 2009 पासून आहे. तिला पहिले ठोस काम म्हणून हेच द्या. आमची मागणी एका शासन निर्णयाची आहे: मोजणी, प्रयोग, हरकतींवर लेखी उत्तर आणि त्यानंतरच पक्के बांधकाम. कामानंतर तीन महिन्यांनी त्याच रेषांवर पुन्हा मोजणी व्हावी. आधीचा आणि नंतरचा असे वेगाचे दोन्ही तक्ते जोडलेले नसतील, तर ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर होऊ नये.

आपले,
रस्ता-आखणी आणि पादचारी सुरक्षेचे काम करणारे नागरिक