जोड्यांची ताटातूट

ती. बाबांना आणि ती. आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला इंटरनेटच्या केबलच्या प्लगचा फोटो काल रात्री मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. सोबतच्या कागदावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात आतल्या आठ तारांच्या रंगांची यादी होती आणि खाली एकच ओळ, ‘टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, मग दोष कुठे?’

दोष सापडला. दोन्ही टोकांना हिरवी आणि निळी तार एकमेकींच्या जागी बसली आहे. बाकीच्या सहा बरोबर आहेत. एवढं फोनवरही सांगता आलं असतं, पण दुरुस्ती तुम्हाला स्वतः करायची आहे आणि कारण कळल्याशिवाय तुम्ही पक्कडीला हात लावत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आई, हे पत्र तुझ्यासाठीही तितकंच आहे. गेल्या रविवारी तू डोळ्यांच्या तपासणीचं सांगत होतीस. ‘डॉक्टर म्हणाले की’ इथे तुझा चेहरा पडद्यावर गोठला, आणि पुन्हा हलला तेव्हा तू ‘म्हणून काळजी करू नकोस’ म्हणत होतीस. मधलं वाक्य मी दोनदा विचारलं, दोनदा ते तुटलं. मग तू ‘जाऊ दे’ म्हणालीस. तेव्हापासून ही केबल माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

बाबा, तुमची यादी अशी आहे: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटकी! प्रत्येक रंग आपल्या जोडीदाराशेजारी. घराची डागडुजी झाली तेव्हा केबल टाकणाऱ्याने तारा अशाच लावल्या, दोन्हीकडे सारख्या. त्यामुळे टेस्टरला एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकालाही पहिलीच सापडते, दुसरी दुसरीच, आणि आठही दिवे लागतात. तार कुठून निघाली आणि कुठे पोहोचली, एवढंच त्या टेस्टरला कळतं. वाटेत ती कोणाशी पीळ घालून आली हे त्याला कळत नाही. आणि या केबलचं सगळं त्या पिळावर चालतं.

तुम्ही रेडिओ उघडून बसायचात आणि मी सोल्डरच्या वासात शेजारी बसायचे, ते आठवतं? विजेची वायर जवळ आली की आवाजात घरघर शिरायची आणि तुम्ही ती हाताने दूर सरकवायचात. टेलिफोनच्या तारांनाही हाच त्रास होता. दोन तारा एकमेकींभोवती पिळायच्या, या उपायाचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये घेतलं होतं. इथरनेट, म्हणजे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडायची पद्धत, त्या मानाने अलीकडचं. रॉबर्ट मेटकाफने १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ते मांडलं, तेव्हा ते जाडजूड एकाच केबलवर चालायचं. पिळलेल्या तारांवरचं इथरनेट १९९० मध्ये आलेल्या मानकाने रुळलं. म्हणजे तुमच्या टेबलामागची केबल बेलच्या त्या युक्तीवरच उभी आहे.

युक्ती अशी. संदेश एका तारेतून सुलटा जातो आणि जोडीतल्या दुसरीतून उलटा. पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक वाचतं. वाटेत बाहेरची घरघर आली तर ती दोन्ही तारांवर सारखीच पडते, कारण पिळामुळे कधी ही तार त्या बाजूला असते, कधी ती. फरक काढताना सारखं आलेलं आपोआप वजा होतं आणि फक्त संदेश उरतो. केबल सोलाल तेव्हा चारही जोड्या नीट पाहा. एकीचा पीळ घट्ट असेल, दुसरीचा सैल. तो मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो, म्हणजे शेजारच्या जोड्यांचं बोलणं एकमेकींत मिसळत नाही. मला या कामातली ही गोष्ट अजूनही सगळ्यात सुंदर वाटते. जास्तीची यंत्रणा नाही, ऊर्जा नाही, नुसता पीळ.

आता प्लगकडे या. यंत्राच्या दृष्टीने प्लगमधल्या आठ जागांच्या जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा ठरलेल्या आहेत. ३ ची जोडी ४ शी नाही, ६ शी! कारण टेलिफोनच्या प्लगमध्ये मुख्य जोडी मधोमध असते. इथेही मधल्या ४-५ वर निळी जोडी तशीच ठेवली आणि पुढची जोडी तिच्या दोन्ही अंगांना, ३ आणि ६ वर, बसवली. तुमच्या प्लगमध्ये ३ वर पांढरी-हिरवी आहे आणि ६ वर निळी. म्हणजे एकाच संदेशाचा सुलटा भाग हिरव्या जोडीतून चालला आहे आणि उलटा निळ्या जोडीतून. ४-५ चंही तसंच, एक हिरवी आणि एक पांढरी-निळी. दोन जोड्यांची ताटातूट झाली आहे. ज्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत त्या एकमेकींच्या कोणी नाहीत, आणि ज्या एकमेकींच्या आहेत त्यांच्यात पीळ नाही. मग घरघर वजा होत नाही, उलट या दोन जोड्या एकमेकींतच बोलणं सांडतात.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की मेल आणि बातम्या व्यवस्थित उघडतात, मग बोलतानाच का तुटतं? वाटेत बिघडलेला तुकडा पोहोचला की यंत्र तो ओळखून टाकून देतं. बातमीचं पान असेल तर हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, क्षणभर उशीर होतो आणि तुमच्या लक्षातही येत नाही. चालू बोलण्यात परत मागवायला वेळच नसतो. तो शब्द गेला तो गेलाच.

केबल मात्र बदलू नका. तिच्यावर कॅट ५ई, म्हणजे केबलचा दर्जा, छापलेलं आहे, आतल्या तारा तांब्याच्या आहेत आणि खोलीपासून राउटरपर्यंत फार तर २० मीटर अंतर आहे. मर्यादा १०० मीटरची असते. वेगवान म्हणून कॅट ६ घ्या असं कोणी सुचवलं तरी थांबा. १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस वेगासाठी कॅट ५ई पुरेशी आहे. कधी नवी घ्यायची वेळ आलीच तर कॅटच्या आकड्यापेक्षा तार शुद्ध तांब्याची आहे ना ते आधी बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या केबली मिळतात. त्या ठिसूळ असतात, वाकवल्या की आतून तुटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पार्सलमध्ये क्रिम्पिंग टूल (प्लग तारांवर दाबून बसवायची पक्कड), २० प्लग आणि आवरण सोलायचं छोटं कटर पाठवलं आहे. प्लग इतके पाठवले कारण सरावाला पाच-सहा जातील असं धरूनच चालायचं. टूलबरोबर हातभर जुनी केबल आहे, पहिले प्लग तिच्यावर लावा.

आधी राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करा. बाबा, राउटर कपाटावरून खाली घ्यायला स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. शेजारच्या मुलाला बोलवा. या एका बाबतीत मी ऐकणार नाही.

टोकाचा जुना प्लग कापून टाका. बाहेरचं आवरण तीनेक सेंटिमीटर सोला. कटर हलकेच फिरवा, दाबू नका. आत जोड्या दिसतील. लगेच पीळ सोडू नका! काही केबलींत पांढऱ्या तारांवरच्या रेघा इतक्या पुसट असतात की पांढरी-हिरवी आणि पांढरी-तपकिरी ओळखूच येत नाही. जोपर्यंत पीळ आहे तोपर्यंत कोणती पांढरी कोणाची हे सांगावं लागत नाही. इथे आईचं काम आहे. आई, तू लोकरीच्या दोन जवळजवळ सारख्या छटा लांबून वेगळ्या करतेस. मोतीबिंदू काढल्यापासून तर तुला रंग जास्तच स्पष्ट दिसतात. बाबा पिवळ्या दिव्याखाली हिरवी आणि तपकिरी यांत गोंधळतात. तर रंग तू सांगायचे, हात त्यांचे. खिडकीपाशी, दिवसाउजेडी बसा.

मग एकेक जोडी उलगडून तारा बोटांनी सरळ करायच्या आणि डावीकडून अशा लावायच्या: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तुमच्या यादीशी ताडून पाहा, चौथी आणि सहावी एवढ्याच बदलल्या आहेत. या क्रमाला टी५६८बी म्हणतात. टी५६८ए नावाचा दुसराही क्रम आहे, त्यात नारंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल असते. तोही चालतो, पण दोन्ही टोकांना एकच हवा. आपण बी धरू.

तारा अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरून चपट्या करा, डावी-उजवीकडे थोड्या हलवा म्हणजे त्या शेजारी शेजारी बसतील. मग आवरणापासून साधारण १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच ठेवून सगळ्या एकाच कापात सरळ कापा. हा अर्धा इंच महत्त्वाचा आहे. तेवढ्या भागातच तारांचा पीळ सुटलेला असतो, आणि जास्त सुटला तर जोड्या बरोबर असूनही त्रास होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं तुम्ही माझ्या हट्टाला म्हणायचात ना? इथे तसाच हट्ट धरायचा, पीळ शेवटपर्यंत जाऊ द्यायचा नाही.

प्लगची क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि उघडं तोंड तुमच्याकडे. आता डावीकडची जागा पहिली. तारा आत सरकवा. एकेका तारेचं साल काढू नका, प्लगचे दात दाबले की ते साल भेदून तांब्याला धरतात. आठही तारांची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण मागच्या खाचेच्या आत गेलेलं असलं पाहिजे, म्हणजे ओढ आली तर ती तारांवर न येता आवरणावर येईल. दाबण्यापूर्वी आईने पारदर्शक प्लगमधून रंग पुन्हा एकदा मोठ्याने वाचायचे. एकदा दाबलेला प्लग परत उघडत नाही. मग टूल पूर्ण दाबा, खटका सुटेपर्यंत. बाबा, तुमचं मनगट दुखत असेल तर दोन्ही हात वापरा.

दुसरं टोकही असंच. टेबलामागे केबलचं वेटोळं आहे, तिथे चुकलात तरी पुन्हा कापता येईल. राउटरकडे जेमतेम वीतभर जास्तीची केबल आहे, म्हणून ते टोक हात बसल्यावर शेवटी घ्या. केबल परत लावताना कोपऱ्यात करकचून मुडपू नका, आणि ती एक्स्टेन्शन बोर्डच्या वायरला जिने समांतर बांधली आहे ती पट्टी सोडवून टाका. विजेची वायर ओलांडावीच लागली तर आडवी ओलांडा.

टेस्टर लावाच, पण त्याचे दिवे लागले म्हणून उठू नका. तुटलेली किंवा नीट न दाबलेली तार तो सांगेल. जोड्या बरोबर आहेत की नाही हे दोन्ही प्लग समोरासमोर धरून आईच्या डोळ्यांनीच ठरेल. नंतर कॉम्प्युटर सुरू करून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग बघा. आत्ता तिथे १०० एमबीपीएस दिसतो, तो १ जीबीपीएस दिसायला हवा. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १ जीबीपीएसला चारही लागतात. म्हणजे १ जीबीपीएस आला आणि टिकला, तर आठही तारा कामाला लागल्या असं समजा.

कापलेले जुने प्लग फेकू नका, मला ते बघायचे आहेत. आणि आई, रविवारी सकाळी मी फोन लावेन तेव्हा आधी ते वाक्य पूर्ण कर. डॉक्टर काय म्हणाले?

तुमची लेक