गौरीस, लेग प्रेसबद्दल

सोलापूर

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

तुझा लेग प्रेसचा, म्हणजे जिमच्या मशीनवर टेकून पायांनी वजनाची फळी वर ढकलतेस तो, व्हिडिओ पाहिला. आईला दाखवला तर तिला फक्त तुझे नवे बूट दिसले. माझी नजर मात्र गुडघ्यांवर गेली. शाळेच्या मैदानावर पोरांकडून बैठका काढून घेण्यात जन्म गेला, दुसरं काय दिसणार!

मशीनवरचं वजन कमी कर. आधीच लिहून टाकतो, म्हणजे रागावायचं ते रागावून घे आणि पुढचं वाच.

फळी खाली येताना शेवटच्या वीतभर अंतरात तुझी कंबर गादी सोडते. निळ्या टी-शर्टाखाली फट दिसते, बघ. तिथं कंबर गोल होते आणि मांड्यांनी उचलायचा भार मणक्याच्या खालच्या भागावर येतो. कंबर सुटायच्या आधीच थांबायचं. बहुतेकांना गुडघा काटकोनात आला की पुरतं. शेजारणीची ढोपरं छातीला टेकतात म्हणून आपली टेकवायची नाहीत.

वर ढकलताना तुझे गुडघे आत झुकतात. ते पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर ठेव, अख्खा तळवा फळीला टेकव, टाच उचलू नकोस. आणि पाय सरळ होत आले की गुडघे खटकन मागे ताणू नकोस. स्नायू सैल पडतो नि सगळं ओझं सांध्यावर येतं. किंचित वाक राहू दे.

मैत्रिणीनं 100 किलो लावले म्हणून तू 80 लावलेस ना? तुझं मशीन 45 अंशांत तिरकं आहे. त्यावर 100 किलो लावले तरी पायांवर साधारण 70 किलोंचाच भार येतो. वर रिकाम्या फळीचं वजन वेगळं, ते कुणी हिशेबात धरत नाही. मशीन बदललं की आकडाही बदलतो. इथं जुळे सोलापुरात मी सकाळी जिमला जातो, तिथली पोरं वजनाच्या चकत्यांवर चकत्या चढवतात, फळी चार बोटं हलवतात आणि सेट झाला म्हणतात. त्यांना काय सांगणार!

खाली आणताना मनात तीनपर्यंत मोज. ढकलताना श्वास सोड. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि आजीकडून बीपी घरात आहेच. हात हँडलवरच असू देत, गुडघ्यांना हातानं रेटू नकोस. सेट संपला की हँडल फिरवून फळी अडवणाऱ्या खुंट्या जागेवर बसल्याची खात्री कर, मगच पाय काढ.

10 ते 12 वेळा, दोन-तीन सेट. शेवटचे दोन जड जावेत, पण कंबर-गुडघे जागचे हलू नयेत. मध्ये एक-दोन दिवस पायांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, जिना उतरताना तोंड वाकडं झालं, तर काळजी नाही. गुडघ्यात टोचलं तर मात्र तिथंच थांब, ट्रेनर काही म्हणो.

शनिवारी शेजारचे काका हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला येताहेत. त्यांच्याकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली आहे, स्टेशनवर जा. पुढच्या वेळी व्हिडिओ दोन काढ: कंबरेसाठी बाजूनं, गुडघ्यांसाठी समोरून.

तुझा,
बाबा